माणूस उठेपर्यंत

उन्हाळा वर चढला, आमच्या गल्लीत टँकर आला आणि दुष्काळाच्या आठवणी काढणाऱ्यांचा हंगाम सुरू झाला. दरवेळी असंच होतं. धाराशिवच्या नळांना पाणी येईनासं झालं की माझ्या वयाची पेन्शनर मंडळी बाकड्यावर बसून बहात्तर सालचं सांगायला लागतात. आम्ही परदेशी मिलो ज्वारी खाल्ली, आम्ही सरकारी सुकडी खाल्ली, आम्ही खडी फोडली. ऐकणाऱ्याला वाटावं, दुष्काळ म्हणजे एखादी शाळा होती आणि हे सगळे तिथं पहिल्या वर्गात पास झाले. यातल्या निम्म्यांच्या हाताला तेव्हाही घट्टा पडला नव्हता. हजेरीचं मस्टर लिहिणाऱ्याच्या पंगतीला ते रोज हजर होते, हे मला पक्कं माहीत आहे. पण मी बोलत नाही. निवृत्त बाई बोलल्या की लोक नुसती मान डोलावतात, आणि मला डोलणाऱ्या मानांचा फार जुना तिटकारा आहे.

परवा रांगेत पुढच्या बाईची लोखंडी बादली सिमेंटवर आपटली. पाठोपाठ दुसरीची. मग टँकरवाल्यानं अडकलेल्या नळावर पान्हा मारला. ठण, ठण, आणि मधेच एक खोल आवाज. माझा तळवा आपोआप मांडीवर पडायला लागला. शेजारची सून म्हणाली, “मावशी, भजन म्हणताय का?” मी म्हटलं, “नाही गं, शिव्या देतेय.” ती हसली. म्हाताऱ्या बाईनं खरं सांगितलं की लोकांना ते विनोद वाटतं, तेवढी एक सोय आहे.

खरंच शिव्या होत्या त्या. चालीवर म्हटलेल्या. आमची एक पार्टी होती, तिला पंचक्रोशीत घमेला पार्टी म्हणायचे. नाव आम्ही ठेवलेलं नव्हतं; आम्हाला नाव ठेवायला सवड नव्हती आणि लोकांना ठेवल्याशिवाय राहवत नव्हतं.

सलग दोन पावसाळे कोरडे गेल्यावर भूम-परंडा रस्त्याच्या कडेला खडी सेंटर उघडलं. आमची अख्खी वस्ती तिथं. बाप्ये मोठे दगड फोडायचे, आम्ही बायका-पोरी त्याची खडी करायचो. सायकलच्या जुन्या टायरचं कडं करून त्यात दगड धरायचा आणि वर हातोडी घालायची. दगडातून जळल्यासारखा वास यायचा. फुफाट्यानं पापण्या पांढऱ्या व्हायच्या. माझं मॅट्रिक झालेलं होतं. मॅट्रिक झालेली मुलगी खडी फोडते म्हणून काही लोक हळहळायचे, आणि हळहळून झालं की माझ्याच ढिगाला टेकून बिडी ओढायचे.

लिंबराज माझा चुलत भाऊ, माझ्याहून बराच मोठा. तोंडावर मी त्याला अण्णा म्हणते, अहो-जाहो करते. कागदावर करणार नाही. तो मान त्यानं स्वतःच्या हातानं घालवला आहे. तेव्हा मात्र तो दगड फोडता फोडता गायचा, आणि गायचा म्हणजे आवाज फाडून गायचा. मुळात त्याचा गळा गोड. घरात लेकराला झोपवताना तो गुणगुणला की शेजारच्या बायका भाकरी तव्यावर ठेवून ऐकत बसायच्या. पण खडीवर तो त्या गळ्याला दगडावर घासल्यासारखं वापरायचा. चाल गोड, शब्द कडू आणि आवाज खरबरीत. त्या तिन्हींचं जमायचं कसं, हे मला अजून सांगता येत नाही.

ताल धरायला वाद्य पाहिजे. त्याचा बाप, म्हणजे माझा चुलता, पूर्वी दुसऱ्यांच्या लग्नात डफ वाजवायचा. छप्पन साली वस्तीनं धर्म बदलला तेव्हा त्यानं तो डफ चुलीत घातला, आणि त्या दिवसापासून चामडं वाजवायचं नाही हे आमच्याकडं ठरलं. लिंबराजनं ते मोडलं नाही. त्यानं लोखंड घेतलं. घमेलं, पहार, छिन्नी. आणि त्या लोखंडाला हात दिला तो गफूरनं. गफूर कल्हईवाला. दुष्काळात कोण भांड्याला कल्हई लावतंय, म्हणून तोही खडीवर आलेला. तो घमेलं पालथं घालून दोन हातोड्यांनी वाजवायचा, आणि पन्नास-साठ बायकांच्या हातोड्या त्याच्या मागं जायच्या. मी झील धरायची, म्हणजे लिंबराजची ओळ संपली की ती वरच्या पट्टीत उचलायची. शब्द आम्ही दोघं मिळून करायचो. गाणं एवढंसं असायचं, दम लागायच्या आत संपणारं.

पार्टीला नेम होता. ज्याचं गाणं, त्याच्या तोंडावर. ज्याच्यावर रचलंय तो समोर नसला तर ते गाणं म्हणायचं नाही, गुणगुणायचंसुद्धा नाही. एकदा बायकांनी मुकादमाचं गाणं तो नसताना म्हणायचा आग्रह धरला. लिंबराज म्हणाला, “माघारी बोलायला गळा कशाला लागतोय? कुजबूज पुरं की.” आणि नेमाचा दुसरा भाग असा, की गाणं सुरू झालं की माणूस उठेपर्यंत थांबायचं नाही. एकदा, दोनदा, दहादा, तेच. तो उठला आणि पाठ फिरवून चालायला लागला की गफूर घमेल्यावर एकच टोला द्यायचा. टोला पडला म्हणजे गाणं झालं. मग पुन्हा सगळे कामाला.

मुकादम लिंबाखाली खाटेवर बसून हजेरी घ्यायचा. जो नाही त्याची मांडायचा, आणि जो आहे त्याची अर्धी खायचा. त्याच्या खाटेसमोर आम्ही उभे राहिलो.

मुकादम बसला लिंबाखाली
उन्हाला म्हणतो, ये रं खाली
तुझी बी हजेरी मांडतो बाबा
अर्धी तुझी, अर्धी माझी

पहिल्यांदा तो हसला. दुसऱ्यांदा त्यानं इकडंतिकडं बघितलं. मग चप्पल शोधायला लागला. पायात एक आणि हातात एक अशी चप्पल घेऊन तो जीपच्या रस्त्याला लागला आणि गफूरनं टोला दिला. दुसऱ्या दिवशी त्यानं आमच्या ढिगांचं माप मुद्दाम कमी धरलं, पण लिंबाखालची खाट गेली ती गेलीच. त्या सावलीत लेकुरवाळ्या बसायला लागल्या.

त्याहून मोठं गाणं पाण्याचं. दुष्काळानं बड्या घरच्या लोकांनाही खडीवर आणलं होतं. एरवी ज्यांच्या बांधावरून आम्हाला जाता येत नव्हतं ते आमच्या शेजारी बसून दगड फोडत होते. दुष्काळ सगळ्यांना सारखं करतो असं आता बाकड्यावरची मंडळी सांगतात तेव्हा मला त्यांच्या तोंडात वाळू घालावीशी वाटते. रांजण एकच होता. त्यांनी हातानं घ्यायचं आणि आमच्या ओंजळीत वरून ओतायचं. ओतायला एक बड्या घरचा म्हातारा नेमला होता. त्याची ओतायची उंची अशी की निम्मं पाणी कोपरावरून मातीत जायचं. जिथं थेंबाला भांडणं, तिथं हा बाटू नये म्हणून पाणी मातीला पाजत होता. दुपारच्या सुट्टीत आम्ही रांजणापुढं गेलो.

वरनं वत, बाबा, वरनं वत
आभाळ बी तसंच वततं
आभाळाची जात कुठली
इचार जरा, मंग वत

म्हातारा तांब्या हातात धरून उभा. बाकीचे भाकरी चावायचे थांबले. लिंबराजनं आवाज इतका चढवला होता की त्याच्या मानेच्या शिरा मला पाठीमागून दिसत होत्या. किती वेळ गेला मला माहीत नाही. शेवटी म्हाताऱ्यानं तांब्या रांजणावर पालथा घातला आणि तो निघून गेला. टोला पडला. मग लिंबराजनं तांब्या उचलला, रांजणात बुडवला आणि आधी मला दिला. मी प्याले. त्या पाण्याला खडीच्या भुकटीची चव होती आणि मला ते पुरेना.

बड्या घरच्यांनी त्या दिवशी त्या रांजणातलं पाणी घेतलं नाही. संध्याकाळपर्यंत तसेच कोरड्या तोंडानं बसून राहिले. दुसऱ्या दिवशी मात्र आले, प्याले, आणि काही झालंच नाही असं दाखवत गेले. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्यांची रीत जुनीच होती. मला त्यांची कीव कधीच आली नाही. आजही येत नाही.

हे सगळं आता एका तरुण प्राध्यापकाला फार महत्त्वाचं वाटतं. तो माझ्याकडं येऊन गेला. त्यानं शबनम पिशवी मांडीवर घेऊन ‘लोहवाद्यांतून उमटणारा प्रतिकाराचा नाद’ असं काहीतरी म्हटलं आणि विचारलं, मूळ आवाज कुठं ऐकायला मिळेल? मी त्याला टँकरच्या रांगेत उभं राहायला सांगितलं. त्याला ते रूपक वाटलं, त्यानं मान डोलावली. त्याला रेकॉर्डिंग हवं होतं. खडीवर कोण टेप घेऊन येणार? पार्टीची पुढं एक कॅसेट निघाली, तीच काय ती उरलीय. ती ऐकून त्या पोराला काय सापडणार, याची मला चांगली कल्पना आहे.

कारण मधे सहकार आला.

पाऊस पडला, खडी सेंटर मिटलं, आणि जे बडे लोक दोन वर्षं आमच्या शेजारी दगड फोडत होते ते उठून सोसायटीचे, दूध संघाचे आणि कशाकशाचे संचालक झाले. जिथं माणसाला प्यायला पाणी नाही तिथं उसाचा कारखाना काढावा असं ज्याला सुचतं तो एकतर वेडा असतो नाहीतर चेअरमन. आमच्याकडचा वेडा नव्हता. गोरा, ठेंगणा, पांढऱ्या टोपीखाली सदा हसरा. लग्नाला जायचा, मयताला जायचा, आमच्या वस्तीतही यायचा आणि चहा पिऊन जायचा, आणि प्यालेला चहा पुढच्या चार सभांमध्ये सांगायचा. शेअर म्हणून त्यानं घरोघरचं काय काय नेलं ते मी लिहीत बसत नाही. त्याच्यावर गाणं झालं, ते लिंबराजचं आणि माझं सगळ्यात चांगलं गाणं.

चेअरमन आमचा देवमाणूस
देवासारखाच बसून खातो
निवद म्होरं आला की
डोळं झाकून घेतो

नेमाप्रमाणं ते त्याच्या तोंडावरच म्हणायचं होतं, म्हणून आम्ही भूमिपूजनाची वाट बघितली. माळावर मांडव, लाल कापड, खुर्च्यांची ओळ, आणि मधोमध तो. गफूरनं गोणपाटात गुंडाळून घमेलं आणलं होतं. मंत्री बोलून गेले होते, लोक पांगायच्या बेतात होते. आम्ही स्टेजच्या पुढं जाऊन उभे राहिलो आणि गफूरनं घाव घातला.

मांडव गार पडला. संचालकांचे चेहरे बघण्यासारखे झाले. कुणीतरी आम्हाला हाकलायला धावला. चेअरमननं हात वर करून त्याला थांबवलं. गाणं संपलं. लिंबराजनं पुन्हा सुरू केलं. चेअरमननं मांडीवर थाप मारली आणि हसला, खोटं नाही, पोटातून हसला. “वा!” म्हणाला. “पुन्हा म्हणा.”

आम्ही पुन्हा म्हटलं. तो उठला नाही. आम्हाला नेमच तेवढा माहीत होता, माणूस उठेपर्यंत थांबायचं नाही. बसून हसणाऱ्या माणसाचं काय करायचं हे आम्ही ठरवलेलं नव्हतं. असं कुणी करेल हे आमच्या डोक्यातच आलं नव्हतं. तो ताल धरायला लागला. मग त्याच्याकडं बघून संचालक धरायला लागले. मग सगळा मांडव टाळ्या वाजवायला लागला, आणि देव बसून खातो या ओळीला लोक हसायचे, देवालाच हसवायचे. त्यानं आमच्यासाठी चहा मागवला. चहा आमच्या पायापाशी ठेवला, त्यावर साय धरली, आणि आम्ही म्हणतच होतो. माझा आवाज आधी गेला. मग लिंबराजचा चिरकला. फाडून गायची त्याला सवय होती, पण हे फाटणं वेगळं होतं. शेवटी गफूरचा हात खाली आला.

टोला पडला नाही. पहिल्यांदाच.

चेअरमन खुर्चीतूनच म्हणाला, “गळा चांगलाय तुझा, लिंबराज. डब्या-घमेल्यात कशाला वाया घालवतोस? मी पेटी देतो.”

पेटी दुसऱ्या दिवशी जीपमधून आली. शिसवी, नवी, वास येत असलेली. वस्ती बघायला लोटली. मी लिंबराजला म्हटलं, “अण्णा, माघारी धाडा ती.” तो पेटीच्या पांढऱ्या पट्ट्यांवर बोट फिरवत होता. म्हणाला, “शालन, त्यो उठला न्हाय गं. म्या काय करू?” एवढंच. मी चिडून गफूरकडं बघितलं. मला वाटलं तो तरी बोलेल. गफूर बोलला, पण मला. “आपा, तुमको घमेला अच्छा लगता, क्यूं की बजाना मेरेकू पडता.” त्याच्या तळहातांवर तेव्हा भेगा होत्या. मी त्याच्यावरही चिडले. चिडायला मला कधीच कमी पडलं नाही.

मी डी.एड.ला धाराशिवला आले, नोकरी लागली, परंड्याच्या बाजूच्या शाळांमधून फिरत राहिले. पार्टी मला लांबून ऐकू येत राहिली, आणि दरवेळी ती थोडी आणखी मऊ झालेली असायची. पेटीनं आधी गती खाल्ली. दम लागायच्या आत संपणारी गाणी आलाप घेऊन सुरू व्हायला लागली. मग लिंबराजनं आवाज फाडायचं सोडलं, कारण पेटीपुढं फाटका आवाज विचित्र वाटतो. लोक म्हणाले, अरे, याचा गळा किती गोड आहे, इतके दिवस आम्हाला कळलंच नव्हतं. तुम्हाला कळू नये म्हणूनच तो माणूस जिवाचं रान करत होता, हे त्यांना कोण सांगणार.

मग कारखान्याचं कलापथक झालं. लिंबराज टाइम ऑफिसात लागला, गफूर गोडाऊनवर. कुटुंबनियोजन, ठिबक सिंचन, एक गाव एक मन, सांगाल ते गाणार. पाण्याचं गाणं पण म्हणायचे, पण त्यातली जात काढून टाकली. ‘आभाळाची माया कुठली’ असं केलं आणि ते जलसंधारणाच्या सप्ताहात बसवलं. ते मी शाळेच्या मैदानात ऐकलं. मुलं ओळीत बसली होती, गटशिक्षणाधिकारी मान डोलावत होते, आणि माझ्या तोंडाला खडीच्या भुकटीची चव आली. मी वर्गात जाऊन रिकाम्या बाकावर बसले आणि रडले. ते दुःख नव्हतं, संताप होता. पण डोळ्यांना तेवढा फरक कळत नाही.

पुढं बेंजो आला. बेंजोच्या मागं कीबोर्ड आला, आणि त्याच्यासोबत इको. एक शब्द बोलला की तीनदा परत येणारा. कारखान्याच्या मोळीपूजनाला एकदा माझी शाळा लेझीम घेऊन गेली होती. स्टेजवर पार्टी. सगळ्यांना एकसारखी निळी सफारी. लिंबराजच्या केसांना तेल, कपाळावर बुक्का नाही पण चेहरा तसाच लीन. कीबोर्डमधून बासरी वाजली, आणि त्यानं सुरुवात केली.

चेअरमन आमचा देवमाणूस.

चाल तीच. ओळ तीच. मी दुसऱ्या ओळीची वाट बघितली. ती आली नाही. तिच्या जागी माळरानाचं नंदनवन आलं, गोरगरिबांचा वाली आला, आणि इकोनं प्रत्येक वाली तीनदा वाजवला. आमच्या सगळ्यात चांगल्या गाण्याच्या तीन ओळी काढून टाकल्या की ती आरती होते, हे मला त्या दिवशी समजलं. चेअरमन मधल्या खुर्चीत बसला होता. यावेळी तो हसलाही नाही. सवयीनं ऐकत होता. गफूर कोपऱ्यात झांजा घेऊन उभा होता. त्यानं मला बघितलं आणि मान खाली घातली. त्याच गाण्याची कॅसेट पुढं निवडणुकीत जीपवरून गावोगाव फिरली.

आता कारखान्याच्या चिमणीवर पिंपळ उगवलाय. कोण कुणाला भाड्यानं देतंय आणि कुणाचं काय थकलंय याच्या बातम्या मी वाचत नाही. चेअरमन गेला, त्याचा पुतळा गेटसमोर आहे. बसलेला. शिल्पकारानं नेमकं हेरलं म्हणायचं. गफूर गेला तेव्हा मी पोचले नाही. आणि लिंबराज गावाकडं आहे, अंगणात बाजेवर. भेटायला येणाऱ्यांना अजूनही गाऊन दाखवतो म्हणे, गोड गळ्यानं. सगळ्यांना आवडतं.

मी हे सगळं का लिहिलं, तर नेमासाठी. ज्याचं गाणं, त्याच्या तोंडावर. लिंबराजबद्दल मला जो तिरस्कार वाटतो तो मी वर्षानुवर्षं त्याच्या माघारी बोलून दाखवत होते, गल्लीत, शिक्षकांच्या खोलीत, त्या प्राध्यापकासमोर. परवाच्या त्या बादल्यांनी मला ते बोचलं. म्हणून हे कागदावर उतरवलं, इथपर्यंत, आणि सकाळच्या एसटीनं भूम गाठून पुढं गावी गेले.

लिंबराज बाजेवर बसला होता. वाळला आहे. सुनेनं चहा आणला. अंगणात पालथ्या-उताण्या भांड्यांमध्ये एक गंजलेलं घमेलं होतं, कोंबड्यांसाठी पाणी भरून ठेवलेलं. तेच होतं का दुसरं, मी विचारलं नाही.

“अण्णा,” मी म्हटलं, “तुमच्यावर लिवलंय म्या. तुमच्या तोंडावर वाचायचंय.”

“वाच की,” तो म्हणाला.

मी वाचलं. पेटीचं वाचलं, सफारीचं वाचलं, आरतीचं वाचलं. मान त्यानं स्वतःच्या हातानं घालवला हे वाचताना मी मुद्दाम त्याच्या डोळ्यांत बघितलं. तो ऐकत होता. मी वाट बघत होते, तो आता उठेल, आता पाठ फिरवून घरात जाईल. इतक्या वर्षांनी मला त्याच्याकडून फक्त तेवढंच पाहिजे होतं. पान संपलं तरी तो बाजेवरच.

मग त्यानं मांडीवर थाप मारली आणि हसला.

“वा!” म्हणाला. “गळा चांगलाय तुमचा, बाई. पुन्हा म्हणा.”

बाई. तुमचा. मला आयुष्यात त्यानं कधी तुम्ही म्हटलेलं नाही. माझ्या कानशिलात ऊन भरलं. “थट्टा करताय व्हय?” मी म्हटलं.

“थट्टा कशाची? झ्याक लिवलंय.” त्यानं चहाची बशी माझ्याकडं सरकवली. “छापायला देणारच असाल. लोक वाचत्याल, मान डोलवत्याल, च्या पित्याल. हितं वस्तीत कशाला वाया घालवता?” मग तो थोडा पुढं वाकला आणि हसू तसंच ठेवून म्हणाला, “शालन, उठंल का गं त्यातला एक तरी?”

मला राग आला, फार आला, आणि त्यात लाज कुठून मिसळली ते कळलं नाही. तो माझ्याकडं बघतच होता, हसरा, मांडीवर ताल धरून, जागचा न हलता. मला तिथं बसवेना. मी कागद पिशवीत कोंबले, चहा तसाच ठेवला आणि उठले. सून “आत्या, जेवून जावा की” म्हणत मागं आली, तरी मी थांबले नाही. पाठ फिरवून चालायला लागले.

फाटकाशी पोचले तेव्हा मागं पाणी सांडल्याचा आवाज झाला, कोंबड्या फडफडल्या, आणि घमेल्यावर एकच टोला पडला.